शांत बाईचं बीपी

एखादं बाळ पोटातच गेलं असं कानावर आलं, की तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? बाई कशी आहे, हा? की नाळ गळ्यात होती का, हा?

माझ्या बहिणीचं बाळ गेलं तेव्हा भेटायला आलेल्या बहुतेकांनी दुसरा प्रश्न विचारला. कुणी दारातच, चपला काढता काढता. कुणी तिच्या समोर बसून, पण तिच्याकडे न बघता, तिच्या सासूबाईंना. उत्तर ‘हो’ असं मिळालं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं. कोडं सुटल्याचं. ‘तरीच,’ असं म्हणून माणसं मागे टेकून बसायची आणि मग चहा यायचा. मला त्या ‘तरीच’बद्दल लिहायचं आहे. रागाने लिहिणार आहे. मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही.

आमच्या घरी पत्रकं असायची, लोकांच्या घरी धान्याच्या कोठ्या असतात तशी. आई बायकांच्या संघटनेत काम करायची. वडील ओझरच्या कारखान्यात नोकरीला आणि युनियनमध्ये. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही दोघी बहिणींनी पाढे लिहिले. शाळेच्या डब्यात पोळीखाली ‘हुंडा देणार नाही, घेणार नाही’ असा कागद असायचा, आणि त्यावर भाजीच्या तेलाचा डाग. ताई त्या कागदांच्या होड्या करायची. मी ते वाचायचे. आमच्या दोघींमधला फरक एवढ्यात सांगून होतो.

ताईने लग्न ठरवलं ते मखमलाबादकडच्या एका फुलं पिकवणाऱ्या घरात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. सकाळी सुटी फुलं नाशिकच्या फुलबाजारात जायची आणि घरी केलेले हार त्र्यंबकेश्वरच्या दुकानदारांकडे. मुलगा तिच्या कॉलेजातला, स्वभावाने मऊ. आईची एकच अट होती. लग्न नोंदणी पद्धतीने, एकमेकांना पुस्तक द्यायचं, हार नको.

मुलाची आई पदर खोचून उभी राहिली. “अहो बाई, आमचं पोट हारावर. माझ्याच पोराच्या लग्नात हार नाय म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हनंल? यांच्याच फुलांना कीड लागली, असं म्हनंल.”

आईने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, “हा रोजीरोटीचा मुद्दा आहे. मान्य करावा लागेल.”

नोंदणी कार्यालयात जे हार आले ते इतके जाड होते की सही करताना ताईला मान वर करता येईना. सासूबाई तिच्या मागे उभ्या राहून हार उचलून धरत होत्या. “लिही बाई लिही, मी हाय,” म्हणत होत्या. त्या बाईचा मला राग येतो आणि तिचा राग करताही येत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

ताई त्या घरात रमली. तिच्या हातांना ते काम आवडलं. लांब सुईत एका दमात फुलं ओवून ती दोऱ्यावर सरकवताना तिची बोटं दिसायचीसुद्धा नाहीत. मी कधी गेले की ती बोलत राहायची, हसत राहायची, आणि मांडीवर हार लांबत जायचा. “तू पत्रकं वाट, मी हार वाटते,” असं चिडवायची मला. “माझे निदान लोक विकत घेतात.”

मग तिला दिवस गेले, आणि तिच्या हातातून सुई काढून घेण्यात आली.

पोटुशी बाईने दोरा ओवायचा नाही. गळ्यात हार घालायचा नाही. गुंडाळायचं काही नाही, आवळायचं काही नाही. नाहीतर पोटात नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळली जाते. हे त्या घरात कायदा असल्यासारखं होतं. पूर्वी म्हणे जनावराचं दावं ओलांडायचं नसायचं. आता दावी राहिली नाहीत, म्हणून सासूबाईंनी कायदा पुढे वाढवला होता. शेतातल्या ठिबकच्या नळ्या ओलांडायच्या नाहीत. घरात मोबाइलच्या चार्जरची वायर लोंबत असेल तर ती आधी कुणीतरी उचलायची, मग ताईने जायचं. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, बायको उठली की वायर उचलायला धावायचे. इतका प्रेमळ मूर्खपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी गप्प बसणारी नव्हते. आईच्या संघटनेसाठी मी एक पत्रक लिहिलं. नाळ पोटातल्या पाण्यात तरंगते, बाळ त्या पाण्यात फिरतं, फिरता फिरता वेढा पडतो आणि बहुतेक वेळा निघूनही जातो, बाहेरच्या दोऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, असं सगळं त्यात होतं. ते मी ताईच्या घरीही नेलं. सासूबाईंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

“छान लिवलंय,” त्या म्हणाल्या. “तुला किती झाली पोरं?”

घरातल्या बायका खो खो हसल्या. ताईसुद्धा. मीसुद्धा हसले असते, पण माझा मुद्दा राहिला होता. मी तो मांडला. त्यांनी त्यांचा मांडला. आवाज चढले. दोऱ्यावरून आम्ही असं किती वेळा भांडलो, आणि ताई तेव्हा खुर्चीत बसलेली असायची, सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. भांडणारे सगळे दोऱ्याबद्दल बोलत होते. पायांबद्दल कुणीच बोलत नव्हतं. ‘पोटुशीला सूज येतेच’ यावर मात्र घरात दोन मतं नव्हती.

सातव्या महिन्याच्या सुरुवातीला तपासणीला गेल्यावर नर्स तिला म्हणाली, “प्रेशर वाढलंय जरा. टेन्शन घेऊ नका, शांत राहा. आणि ही गोळी रोज घ्यायची.”

यातलं मधलं वाक्य घरी पोचलं.

आपल्याकडे बीपी हे रागाचं दुसरं नाव आहे. शिक्षक मुलांना म्हणतात, ‘माझं बीपी वाढवू नका.’ कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून म्हणतो. नवरा म्हणतो, बायको म्हणते, सगळे हसतात. त्यामुळे ताईचं बीपी वाढलं याचा त्या घरात एकच अर्थ निघाला. पोरीला कसला तरी त्रास होतोय, कुणीतरी तिला चिडवतंय, तिला शांत ठेवलं पाहिजे. आणि त्यांनी तिला शांत ठेवलं. मालिकेत भांडण लागलं की टीव्ही बंद. सासरे फोनवर व्यापाऱ्याशी मोठ्याने बोलायचे, ते रिकाम्या गोठ्यामागे जाऊन बोलायला लागले. सकाळी मोबाइलवर भजन. स्वयंपाकातलं मीठ कमी. आणि मी बंद.

हे मला दाजींनी सांगितलं, बांधावर, झेंडूच्या वाफ्यापाशी. त्यांना ते बोलताना फार अवघड होत होतं.

“रागावू नकोस. पण थोडे दिवस तू येऊ नकोस. तू आलीस की वाद होतो. तिचं बीपी वाढतं.”

“दाजी, बीपी वादाने नाही वाढत हो. हे गरोदरपणातलं बीपी वेगळं असतं. बाई झोपलेली असली तरी...”

“हे बघ,” ते म्हणाले, “सुरू झालं.”

मी गेले नाही. फोन केला की सासूबाई घ्यायच्या. “झोपलीय. मजेत हाय. लय शांत झालीय तुझी बहीण.”

आणि ती शांतच होती. म्हणून पुढचं झालं. ते नेमकं कसं झालं हे मला फार नंतर कळलं, दाजींच्याच तोंडून, तुटक तुटक. गोळ्यांचं पाकीट संपलं तेव्हा ते नवीन आणायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, आता कशाला? पोर शांत आहे, हसतेय, खातेय. प्रेशर असतं तर अशी दिसली असती का? पोटातल्या जिवाला उगाच औषधांचा मारा नको. दाजींना पटलं. ताईला पटलं. मलाही कदाचित कुणी असं मऊ आवाजात सांगितलं असतं तर पटलं असतं. पैसे वाचवायला नव्हे, आळसाने नव्हे, छळायला तर मुळीच नव्हे. ज्यांना ती प्राणापलीकडे प्रिय होती त्यांनी, ती शांत दिसते म्हणून, तिची गोळी बंद केली.

खलनायक असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. माझ्या लहानपणच्या सगळ्या पत्रकांत खलनायक असायचा.

दसरा आला. त्या घरात दसरा म्हणजे अंगणात झेंडूचा ढीग, पावलं ठेवायला जागा नाही, सगळ्यांची बोटं केशरी. ताईला फुलं निवडायला दिली होती. निवडणं चालतं, ओवणं नाही. पण ओवणाऱ्या बायकांतली एक आली नाही, त्र्यंबकची गाडी थांबलेली, आणि ताईने पलीकडे पडलेली सुई उचलली. तिला कुणी सांगितलं नाही. कुणी अडवलंही नाही. घाई इतकी होती की सासूबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ताईने थोडे हार केले. “किती दिवसांनी गं,” ती नंतर मला म्हणाली, “इतकं बरं वाटलं ना हातांना.”

तिचं डोकं त्याआधीपासूनच दुखत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बरगड्यांखाली, उजव्या बाजूला, कुणी मूठ दाबून धरल्यासारखं वाटायचं. दसऱ्याच्या दिवशी उलटी झाली. घरात सगळ्यांनी एकाच वेळी ओळखलं की हे पित्त आहे. आपल्याकडे डोकं दुखलं आणि उलटी झाली की दुसरं काही असूच शकत नाही. मोरावळा दिला. कोकमाचं सरबत दिलं. खोलीचा पडदा ओढून तिला निजवलं. पित्तावर जे करायचं ते सगळं त्यांनी अगदी नीट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट दगडासारखं झालं आणि रक्त जायला लागलं. दाजींनी फुलांच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकली. गाडीत आदल्या दिवशीच्या पाकळ्या होत्या. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या केसांत त्या अडकलेल्या होत्या आणि एक नर्स तिचे कपडे बदलताना वैतागून त्या झटकत होती.

बाळ आधीच गेलं होतं. मुलगी होती.

डॉक्टर बाई बाहेर आल्या. तरुण होत्या, माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या. थकलेल्या होत्या, तरी त्यांनी आम्हाला उभ्या उभ्या नाही सांगितलं. बाकावर आमच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या की गोळी बंद केल्याचं दाजींनी सांगितलंय, आणि बीपी फार चढलं होतं. त्याने वार, जी बाळाला रक्त पुरवते, ती बाळंतपणाआधीच आतून सुटली. बाळ मुळातच अशक्त होतं, वाढ कमी होती. नाळही बारीक होती. नाळेत एरवी तीन रक्तवाहिन्या असतात, हिच्या बाळाच्या नाळेत दोनच होत्या. ते पहिल्या काही आठवड्यांतच ठरतं, कुणी काही केल्याने होत नाही आणि कुणी काही केल्याने टळत नाही. अशी बाळंही नीट जन्मतात, त्यांच्यावर फक्त जास्त लक्ष ठेवावं लागतं. पण इथे बीपीने वेळच दिला नाही. ताईचा जीव वाचवायचा प्रयत्न चालू आहे, असंही त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी हे सगळं ऐकलं. मग विचारलं, “नाळ गळ्यात होती का?”

खोटं बोलणं डॉक्टरांना जमलं नाही. “एक वेढा होता. अगदी सैल. मी बोट घालून सहज काढला. आजी, असा वेढा धडधाकट बाळांनाही असतो. त्याने काही झालेलं नाही.”

“होता ना पन.”

“होता, पण...”

“होता,” सासूबाई म्हणाल्या, आणि डोक्यावर पदर ओढून घेतला. नंतरचं त्यांनी काही ऐकलं नाही. त्या सबंध बाकावर डॉक्टर बाईंनी जे मांडलं होतं, वार, रक्त, दोन वाहिन्या, बीपी, गोळी, त्यातून तो एक सैल वेढा त्यांनी उचलला आणि घट्ट केला.

त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा मला वाटलं, मारतात की काय. आवाज मात्र अगदी खाली होता. “तुझा कागद वाचून तिनं सुई धरली.”

मी म्हणाले, “मावशी, सुईने नाही झालं. गोळी बंद केली म्हणून झालं.”

दाजी उठून जिन्याकडे निघून गेले. मी ते वाक्य बोलले ते खरं होतं आणि आजही खरं आहे. पण खरं वाक्य बोलल्यावर जे घडायला हवं असं मी लहानपणापासून समजत आले होते, लोक थबकतात, विचार करतात, बदलतात, त्यातलं काहीच घडलं नाही. सासूबाई भिंतीकडे बघत बोलत राहिल्या. त्यांचं पहिलं असंच गेलं होतं. त्या फुलांच्या वेण्या करायच्या तेव्हा, माहेरी. त्यांच्या सासूने तेव्हाच सांगितलं होतं. “मला ठाऊक असून मी हिला बघत राहिले,” त्या म्हणाल्या. “गाडी थांबली व्हती म्हनून.”

म्हणजे त्या मला दोष देत होत्या तेवढाच स्वतःलाही. त्या सगळ्या दोषाला एकच जागा माहीत होती, दोरा. मी त्या बाकावर बसून होते आणि माझ्याकडे त्यांना द्यायला एक पत्रक होतं. दुसरं काही नव्हतं.

ताई वाचली. काही दिवसांनी तिला आमच्या घरी आणलं. सूज उतरून तिचे हात पुन्हा बारीक झाले होते, बांगड्या सैल फिरत होत्या. भेटायला येणारे तिथेही येत होते, तो प्रश्न विचारत होते. ती स्वतःच उत्तर द्यायला लागली. “हो, होता वेढा. मी हार केले होते.” इतक्या सहज, जणू कुणी गावाचं नाव विचारलंय.

एका दुपारी मी तिच्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा समजावून सांगितलं. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या तसंच, हळू आवाजात, एकही घोषणा न देता. तिने मध्ये अडवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, “तू सांगतेस ते खरं असेल गं.”

“असेल नाही. आहे.”

“बरं, आहे. मग पुढच्या वेळी मी काय करू?”

“गोळ्या घ्यायच्या. दर थोड्या दिवसांनी बीपी मोजायचं. सुरुवातीपासून चांगल्या डॉक्टरकडे...”

“आणि एवढं करूनही झालं तर?”

“होऊ शकतं,” मी म्हणाले. खोटं बोलायची सवय मलाही नाही.

“बघ,” ती म्हणाली. “दोरा मला सोडता येतो. एकदा सोडला की सुटला. बीपी कुठे आहे मला माहीत नाही, ते दिसत नाही, दुखत नाही. ते मी कसं सोडू? तेवढा दोरा राहू दे माझ्याकडे. तो काढून नको घेऊस.”

ज्या अंधश्रद्धेने तिच्यावर स्वतःच्या मुलीला मारल्याचा आळ घातला होता, तीच तिला पुढचं मूल सुखरूप होण्याचं वचन देत होती. विज्ञान तिला निर्दोष म्हणत होतं, पण वचन देत नव्हतं. तिने आळ पत्करला.

आता ती पुन्हा गरोदर आहे. पुन्हा सातवा महिना आहे.

त्या घरात आता कुणीच हार करत नाही. तिच्यासाठी सगळ्यांनी ते काम सोडलं. फुलं सुटीच विकतात. त्र्यंबकच्या दुकानदारांना सांगून टाकलं की हार दुसरीकडून घ्या. घरात सुई नाही. दाजींच्या शर्टाचं बटण तुटलं की शर्ट शेजारी पाठवतात. ठिबकच्या नळ्या मातीखाली पुरल्या. एवढं करणाऱ्या माणसांचं प्रेम कमी पडलं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मी एक बीपी मोजायचं मशीन नेऊन दिलं. सुरुवातीच्या महिन्यांत तपासणीला बीपी थोडं जास्त आलं होतं आणि डॉक्टरांनी घरीही मोजत जा असं सांगितलं होतं, म्हणून. पुढच्या वेळी गेले तर मशीन कपाटावर, खोक्यात, न उघडलेलं.

“मावशी, हे वापरत नाही?”

“तो पट्टा नको,” सासूबाई म्हणाल्या.

“कुठला पट्टा?”

“दंडाला गुंडाळतात तो. फुगतो न् आवळतो. पाह्यलाय मी दवाखान्यात. हिचा हात पांढरा पडतो.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी लहान मूल आहे आणि मला एवढंही कळत नाही. “गुंडाळायचं काय नाय, आवळायचं काय नाय. तुला ठाऊक हाय ना.”

मला आधी हसू आलं. मग ताईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती मान हलवत होती, सासूबाईंच्या बाजूने. मागच्या दोन तपासण्यांना तिने नर्सला ‘घरी मोजलंय, ठीक आहे’ असं सांगितलं होतं, आणि तिथल्या गर्दीत नर्सने पुढचीला बोलावलं होतं. ज्या एका वस्तूने तिचा जीव राखता येईल, ती वस्तू नेमकी गुंडाळायची आणि आवळायची आहे. कायदा वाढत वाढत वायरीवरून पट्ट्यावर पोचला होता.

मी भांडले नाही. या वेळी खरंच नाही. खोकं उघडलं, जमिनीवर बसले आणि पट्टा माझ्या दंडाला बांधला. मशीन घरघरलं, पट्टा फुगला, सैल झाला. मग दाजींनी न सांगता हात पुढे केला. त्यांचं झालं. सासरे म्हणाले, “माझं बी बघ की, फुकट हाय तर.” त्यांचं झालं, जरा जास्त निघालं, सगळ्यांनी त्यांच्या तंबाखूवरून त्यांना बोलून घेतलं. घरात जरा मोकळं वाटायला लागलं. आणि ताईने, सासूबाईंकडे न बघता, हात पुढे केला. मी पट्टा बांधला. तिचा दंड ऊन होता आणि बोट दाबलं की खळगा पडत होता.

वरचा आकडा दीडशेच्या बराच पुढे होता.

मी तो मोठ्याने वाचला. मग ताई म्हणाली, अगदी हळू, माझा दंड थोपटत, मलाच धीर दिल्यासारखी, “तू आलीस ना, म्हणून वाढलं असेल.”

“हां,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “तरीच.”

त्याच दुपारी मी आईला बोलावून घेतलं, ती घरात गेली, मी गेटबाहेर उभी राहिले, आणि आई व दाजींनी मिळून ताईला दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दर थोड्या दिवसांनी यायला सांगितलं आहे. डॉक्टर म्हणतात, आजचं आज बघू, पुढचं सांगता येत नाही. गोळी चालू आहे, असं दाजी फोनवर सांगतात. मागच्या वेळीही मला सगळं ठीकच सांगितलं जात होतं. बीपी मोजता का, असं विचारलं की म्हणतात, “दवाखान्यात मोजतील ना.” मागून सासूबाईंचा आवाज येतो, “सांग तिला, लय शांत हाय.” मला त्या शब्दाची आता भीती वाटते. मी रोज त्या घरापासून लांब राहते, कारण मी गेले की आकडा माझ्या नावावर जातो. माझ्याकडे आवाज आहे, आणि या एका बाबतीत तो निकामी आहे.

म्हणून हे तुमच्याकडे मागते आहे. तुम्ही माझ्यासारखे भांडकुदळ नसाल, तुमच्यामुळे कुणाचं काही वाढलं असं कुणी म्हणणार नाही. तुमच्या घरात, गल्लीत, मळ्यात कुणी गरोदर बाई असेल, तर आज तिच्याकडे मशीन घेऊन जा. मशीन नसेल तर तिच्याबरोबर जवळच्या आरोग्य केंद्रात जा. आधी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून घ्या, तिच्या सासूच्या बांधा, मग तिच्या. आकडा तिला कळेल असा मोठ्याने वाचा. वरचा एकशे चाळीस किंवा खालचा नव्वद, यांतला एक जरी गाठला असेल, तर ती कितीही शांत दिसत असली तरी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, बरगडीखाली दुखतंय असं ती म्हणाली, तर मोरावळ्याची बरणी उघडू नका, आकडाही बघत बसू नका, गाडी काढा. आणि तिला गोळी लिहून दिली असेल, तर डॉक्टर थांबवत नाहीत तोवर ती रोज तुमच्यासमोर घ्यायला लावा.